गासडीच्या पोटात

जुन्या कपड्यांच्या निर्यातीत गिऱ्हाईक शर्ट पाहून घेत नाही, गासडी घेतं. ४५ किंवा ५५ किलो कपडे यंत्रात दाबायचे, वर प्लॅस्टिकचं आवरण चढवायचं, पट्ट्या आवळायच्या आणि बाहेर चिठ्ठी लावायची: पुरुषांचे सुती शर्ट, पहिली प्रत. मग कंटेनर, मग बंदर, मग समुद्र. नैरोबीच्या गिकोम्बा बाजारात किंवा घानाच्या राजधानीत, अक्राच्या कांतामांतो बाजारात ती पट्टी कापली जाते, तेव्हा पैसे देऊन झालेले असतात. कांतामांतोत किरकोळ विक्री करणाऱ्या कितीतरी बाया कर्ज काढून गासडी उचलतात. आत काय आहे ते आवरण फाडल्यावरच कळतं, आणि तेव्हा माल परत करायची सोय नसते.

म्हणून असा धंदा करणाऱ्या कुटुंबाचे संस्कार कुठे पाहायचे असं कुणी विचारलं, तर मी म्हणेन, गासडीच्या पोटात पाहा. वरच्या थरात चांगला माल सगळेच लावतात. मधल्या वीस किलोंवर मात्र कुणाचीही नजर नसते. तिथे काय भरायचं हे पेढी स्वतःशीच ठरवते.

आपल्याकडे या धंद्याचं मोठं ठाणं कच्छमध्ये, कांडल्याला आहे. १९६५ साली तिथे आशियातलं पहिलं निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झालं. शेजारचं गांधीधाम हे फाळणीनंतर सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेल्या माणसांसाठी भाई प्रताप यांनी वसवलेलं गाव. अमेरिका, कॅनडा आणि युरोपात लोकांनी दान केलेले किंवा टाकून दिलेले कपडे कांडल्याला उतरतात, निवडले जातात आणि पुन्हा जहाजात चढून मुख्यतः आफ्रिकेकडे जातात. जे अंगावर घालता येणार नाहीत त्यांच्या चिंध्या होतात. काही यंत्रं पुसायच्या फडक्यांसाठी जातात, लोकरीचं काही पानिपतला जातं. तिथे कपडे फाडून, पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं विणतात. यातल्या बऱ्याच पेढ्या घरच्याच. बाप खरेदी बघतो, एक मुलगा परदेशातली गिऱ्हाइकं सांभाळतो, पुतण्या गोदामात असतो.

पण पेढीची पत टिकते ती निवडीच्या टेबलावर, आणि टेबलापाशी उभ्या असतात बाया. निवडणारीचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. समजा, एक पांढरा शर्ट हाती आला. आधी कॉलर उलटून घामाची पिवळी रेघ बघायची. मग कफ, मग काख. बटणांवरून अंगठा फिरवायचा. पाठीमागून कापड उजेडाकडे धरलं की विरलेली जागा दिसते. हे सगळं दोन-तीन सेकंदांत. एक बटण नसेल तर पहिली प्रत की दुसरी? मोठ्या पेढ्यांत प्रकार शंभराच्या वर असतात, आणि ते सगळे तिच्या बोटांना पाठ असतात. जाड लोकरी कोट उष्ण देशात पडून राहणार, लहान मुलांचे कपडे हातोहात जाणार, हेही तिला ठाऊक असतं. मालकाच्या घरातला मुलगा धंद्यात येणार असेल, तर त्याने आधी काही महिने या बाईच्या शेजारी उभं राहून काम शिकावं. तिला मावशी म्हणावं आणि ती ‘हा शर्ट पहिल्या प्रतीत नको’ म्हणाली की ऐकावं. हिशेबाच्या खोलीतून सुरुवात करणाऱ्या मुलाला किलो कळतात, कपडा कळत नाही.

माणसं पेढीच्या चालीरीती शिकतात त्या मालकाच्या रागावरून. दिवसाचं वजन कमी भरलं म्हणून आरडाओरडा होत असेल, आणि फाटका शर्ट पहिल्या प्रतीत गेला तर कुणी काही बोलत नसेल, तर टेबलावरच्या प्रत्येकीला घराची रीत आठवडाभरात समजते. मग भिंतीवर सचोटीचं कितीही सुंदर वाक्य लावलेलं असो. उलट एखाद्या सकाळी मालक तयार झालेली गासडी फोडायला लावतो, मधला थर बाहेर काढून जमिनीवर पसरतो, आणि त्या दिवशी दोन गासड्या कमी निघाल्या तरी कपाळावर आठी आणत नाही. असा एक दिवस पुढे वर्षभर पुरतो.

खिशांचीही गोष्ट आहे. जुन्या कपड्यांच्या खिशात परक्या देशाची नाणी निघतात, कधी नोट, कधी कानातलं, कधी घडी घातलेलं पत्र. सापडलेलं कुणाचं, याचा नियम सगळ्यांसमोर, एकदाच आणि साफ सांगितलेला असावा. तो मालक आणि कामगार दोघांना सारखा लागू असावा. सापडेल ते तिचं, असं ठरलं तर मुकादमाने तिच्या मुठीकडे बघू नये. सगळं पेटीत टाकून दिवाळीला वाटायचं ठरलं तर पेटी सगळ्यांसमोर उघडावी. संध्याकाळी दारात बायांची झडती घ्यायची आणि मालकाच्या भाच्याला तसंच सोडायचं, या एका गोष्टीने कुटुंबाने कमावलेला मान धुळीला मिळतो.

पानिपतच्या कामगार बायांवर मेघना गुप्ता यांनी ‘अनरॅव्हल’ नावाचा माहितीपट केला आहे, २०१२ चा. परदेशातले लोक इतके चांगले कपडे का टाकतात, याचा त्यातल्या बाया अंदाज बांधतात. तिकडे पाणी महाग असेल, धुण्यापेक्षा टाकून देणं परवडत असेल, असा त्यांचा तर्क. तो तर्क ऐकून मला त्या बायांचं हसू आलं नाही, वाईट वाटलं. आयुष्यभर ज्या मालावर हात चालवला तो कुठून आला, कशासाठी आला, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नव्हतं. कुटुंबाची पेढी असेल तर हे सांगणं सोपं असतं. गिकोम्बाचे, कांतामांतोचे फोटो मोबाइलवर असतातच, ते जेवणाच्या सुट्टीत दाखवायचे. तुम्ही परवा बाजूला काढलेले फ्रॉक बघा, इथे टांगलेत. २०२५ च्या पहिल्याच दिवशी रात्री कांतामांतो बाजार जळाला, हजारो विक्रेत्यांचा माल राख झाला. ही बातमी निवडीच्या टेबलावर पोहोचली असेल का? पोहोचायला हवी होती. आपली गासडी जिथे फुटते तिथली ती माणसं होती.

या धंद्यावर आक्षेपही आहेत, ते घरात बोलले गेले पाहिजेत. स्वस्त जुन्या कपड्यांमुळे आपल्या शिंप्यांची आणि गिरण्यांची वाढ खुंटते, असं पूर्व आफ्रिकेतल्या देशांचं म्हणणं होतं, आणि २०१६ मध्ये त्यांनी ही आयात टप्प्याटप्प्याने बंद करायचं ठरवलं. रवांडाने कर वाढवला आणि तो मागे घेतला नाही, तेव्हा २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या तयार कपड्यांना मिळणारी करसवलत थांबवली. याच आयातीवर पोट भरणारी माणसंही त्याच देशांत आहेत. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पेढीला दोन्ही माहीत असाव्यात, कारण न खपणारा कपडा शेवटी तिकडच्याच गटारात आणि समुद्रकाठी साचतो.

रोज संध्याकाळी टेबलाखाली एक ढीग उरतो. तो अंगावर घालण्याजोगा नसतो, फडक्याला चालत नाही, पिंजायलाही जात नाही. त्याची रीतसर विल्हेवाट लावायची तर खिशातून पैसे जातात. प्रत्येक गासडीच्या पोटात तीन-तीन किलो दडपला तर फुकटात जातो, वर वजनाचे पैसे मिळतात. तीन किलो म्हणजे बारा-पंधरा शर्ट. कर्ज आणि व्याज फेडून कांतामांतोतल्या विकणाऱ्या बाईच्या हाती काही उरायचं असेल, तर ते याच बारा-पंधरा शर्टांतून उरतं. ढिगाचा खर्च पेढीने आपल्या वहीत वेगळा लिहावा आणि सोसावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. आणि तिकडून फोटो आला, ‘बघा, काय निघालं’, तर वाद घालत बसू नये. पुढच्या बिलात रक्कम वळती करावी. त्या गासडीचा नंबर टेबलापाशी नेऊन तो दिवस आठवावा. आठवलं तर बहुतेक वेळा असं निघेल की निवडणारीचा हात चुकलेला नव्हता, कंटेनर भरायची घाई मालकाला झाली होती.