दिवाळीचा अभ्यास आणि वेचणी

दिवाळीच्या सुट्टीनंतर वह्या तपासायला घेतल्या की एखाद्या वहीच्या पानांतून कापसाचा तंतू निघतोच. काही वर्षांपूर्वी दर्यापूरकडच्या एका मुलीची गणिताची वही अशीच हाती आली. निम्मी कोरी. "गृहपाठ अपूर्ण" असा लाल शेरा मारून मी तिला उभं केलं. ती म्हणाली, "सर, मायसंग वेचाले गेलती मी." वही परत देताना शेवटचं पान उघडलं गेलं. त्यावर पेन्सिलीने रोजचा हिशेब मांडलेला होता. आईचे किलो वेगळे, स्वतःचे वेगळे, किलोचा भाव, आठवड्याची मजुरी, त्यातून घेतलेली उचल वजा. एकही बेरीज चुकलेली नव्हती. तो लाल शेरा मला अजून सलतो.

विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. पहिलं सत्र संपून दिवाळी येते तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं आणि पऱ्हाटी फुटलेली असते. घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. नेमक्या त्याच दिवसांसाठी आपण प्रत्येक विषयाचा दहा-दहा पानांचा "दिवाळीचा अभ्यास" फळ्यावर लिहून देतो. कुणाच्या मनात वाईट नसतं. आपल्याला दिला होता, म्हणून आपणही देतो, एवढंच.

केंद्र सरकारच्या 2020 सालच्या दप्तर धोरणात गृहपाठाचीही मर्यादा सांगितलेली आहे. दुसरीपर्यंत गृहपाठ नकोच, सहावी ते आठवीला दिवसाला फार तर तासभर, नववी ते बारावीला फार तर दोन तास. पण ही बेरीज करतं कोण? गणिताच्या सरांना आपला अर्धा तास थोडाच वाटतो, विज्ञानाच्या मॅडमना त्यांचा. सहा विषयांचे तीन तास होतात आणि ते एकत्र दिसतात फक्त त्या मुलाला.

दुसरी बेरीज आपल्या बाजूची आहे. 60 मुलांची तुकडी, एका वहीला दोनच मिनिटं धरली तरी दोन तास. अशा चार तुकड्या असतील तर आठ तास. म्हणून मग पानभर एक तिरपी रेघ, खाली सही आणि "पाहिले". आपलं लिहिलेलं कुणी वाचत नाही हे मुलाला दोन आठवड्यांत कळतं. तिसऱ्या आठवड्यात तो गाईड उघडतो. कॉलेजात तेच पुढे चालतं. प्रॅक्टिकलचं जर्नल एकजण लिहितो, बाकीचे उतरवतात. असाइनमेंटची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर फिरते, आता चॅटजीपीटीही आहे. आपण पोरांच्या प्रामाणिकपणाला बोल लावतो. मला वाटतं, पहिला दोष आपला आहे. जेवढं आपल्याला वाचता येईल, तेवढंच द्यायला हवं होतं. एका पानाचं लेखन घेतलं आणि त्यावर मुलाला दोन प्रश्न तोंडी विचारले, तर ते कुणाकडून उतरवलं हे लगेच कळतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याचं कुठे अडलं तेही कळतं.

बोर्डाची परीक्षा आहे, सराव नको का, असं पालक विचारतात. सराव हवाच. पण तो ज्याच्या घरी टेबल, दिवा आणि विचारायला कुणी शिकलेलं माणूस आहे त्याचाच होतो. डॉ. पंजाबराव देशमुखांना हे फार आधी उमगलं होतं. 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था काढणाऱ्या या माणसाने अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालयही चालवलं. खेड्यातल्या पोराला वर्ग जेवढा लागतो तेवढीच अभ्यासाला जागाही लागते. आज मानव विकासची निळी बस मुलींना गावी सोडते तेव्हा दिवे लागायची वेळ झालेली असते. घरी पाणी, स्वयंपाक, धाकटं भावंड वाट पाहत असतं. पण बस येईपर्यंतचा पाऊणएक तास या मुली शाळेच्या ओट्यावर बसून काढतात. तेवढा वेळ एक वर्ग उघडा ठेवला आणि एक शिक्षक आळीपाळीने थांबला, तर निम्मा गृहपाठ तिथेच उरकेल.

उरलेला निम्मा घरचाच असावा, पण खराखुरा घरचा. एक क्विंटल कापसातून रुई साधारण 34 किलो निघते, बाकी बहुतेक सरकी. आपल्या घरच्या कापसाची रुई किती होईल, उतारा दोन टक्क्यांनी घसरला तर किती कमी पडेल, हे गणित नववीच्या मुलाने वडिलांशेजारी बसून करावं. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. तिथल्या अकरावीच्या मुलीने विहिरीचं आणि नळाचं पाणी घेऊन कशात साबणाला फेस कमी येतो ते पाहावं, का कमी येतो ते दहा ओळींत लिहावं. याचं उत्तर गाईडमध्ये सापडणार नाही, कारण दर गावचं उत्तर निराळं. अशा वह्या वाचताना मला कंटाळा आल्याचं आठवत नाही.

अमरावती-अकोल्यातल्या माझ्या शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. यंदाचा दिवाळीचा अभ्यास फळ्यावर लिहिण्याआधी स्टाफरूममध्ये सगळ्या विषयांची बेरीज एकदा करा, आणि वर्गात नुसतं विचारा, कुणाकुणाच्या घरी वेचणी आहे.