सहीच्या वरचा मजकूर

सह्या जमवणारा माणूस भेटला की लोक पहिला प्रश्न विचारतात, "कोणाकोणाच्या आहेत?" पुढाऱ्याच्या सहीला हा प्रश्न शोभतो. गांधीजी हरिजन निधीसाठी पाच रुपये घेऊन सही देत. वहीचं पान कोरं असलं तरी चालायचं, कारण सही हेच सर्वस्व होतं. सरकारी अधिकाऱ्याच्या सहीचं तसं नाही. त्याच्या हाताने सरकार काहीतरी देत असतं, काढून घेत असतं किंवा मान्य करत असतं. म्हणून ती सही कशाखाली आहे, हे आधी बघावं.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंड पट्ट्यात हे फार जवळून कळतं. शिरूर तालुक्यातल्या करडेलवाडीने १८७४ च्या डिसेंबरात सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात सावकारांची दुकानं फुटली आणि पुणे-नगर जिल्ह्यांत गावोगाव ते लोण गेलं. लोकांना हवे होते कर्जरोखे. सावकाराने ते मुकाट्याने काढून दिले, तर बहुधा मारहाण होत नसे. रोखे जाळले की जमाव पांगे. अक्षरओळख नसलेला कुणबी कागदावर सहीच्या जागी नांगर काढी आणि लिहिणारा शेजारी 'निशाणी नांगर' असं नोंदवी. आपला नांगर कशाखाली काढला, हे त्या कुणब्याला वाचता येत नव्हतं. सगळा तंटा त्या वरच्या मजकुराचा होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात गावच्या रजिस्ट्रारची तरतूद होती. शेतकऱ्याचा दस्त रजिस्ट्रारने स्वतः लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा, समजला याची खात्री करायची आणि मग आपल्यासमोर सही किंवा निशाणी घ्यायची. या रजिस्ट्रारांची नावं कुठल्या इतिहासात नाहीत. पण कर्जदाराच्या निशाणीखाली अशा माणसाची सही असलेला रोखा मला मुंबईच्या गव्हर्नरच्या सुट्या सहीपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो. करडेलवाडी आणि सुप्याला सरकारने दिलेलं उत्तर त्या सहीत आहे.

मोठ्या नावालाही हीच कसोटी लावावी. चिंतामणराव देशमुख ऑगस्ट १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या सहीच्या नोटा दौंड जंक्शनच्या तिकीट खिडकीपासून शिरूरच्या बाजारापर्यंत सगळ्यांच्या हातातून गेल्या असतील. त्या नोटेवर राजा सहावा जॉर्ज आहे. देश स्वतंत्र झाल्यावरही काही काळ त्याच नोटा चालू राहिल्या. इंग्रज राजाचं चित्र, मराठी माणसाची सही आणि ती नोट मोडणारा स्वतंत्र भारताचा नागरिक, हा संक्रमणाचा काळ त्या कागदावर बोटाने दाखवता येतो. पुढे हेच देशमुख १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देण्याच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देतात. माणूस तोच, पण नोटेवर त्याने बँकेच्या वतीने सही केली, राजीनाम्यावर स्वतःच्या मताखाली. संग्रहात या दोन सह्या एकाच खणात ठेवू नयेत.

पूर्वीचे काही हौशी संग्राहक पत्रातला सहीचा तुकडा कापून वहीत चिकटवत. मला तो नासधुशीचा प्रकार वाटतो. तारीख, हुद्दा, शिक्का, जावक क्रमांक, सगळं गेल्यावर नुसतं वळणदार नाव उरतं. कागद अख्खा ठेवावा, घडीसकट.

वाटणीपत्रं, खरेदीखतं, तगाईचे म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या सरकारी कर्जाचे कागद शिरूर-दौंड भागातल्या जुन्या ट्रंकांतून अजून निघतात. संग्रहाला तिथून सुरुवात करावी. कागद न्यायच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसावं. खरेदीखतात व्यवहार लिहिलेला असतो. पण तगाई कोणत्या दुष्काळात घेतली, त्यातून विहीर कुठे खोदली, पाणी लागलं का, हे बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असतं. ते त्याच दिवशी वेगळ्या कागदावर लिहून मूळ कागदासोबत ठेवावं.