कापडाची उलट बाजू

सज्जनहो, माणूस आतबाहेर सारखा असावा, हे आपण कीर्तनात कितीदा ऐकतो! मीही ते पुष्कळ वर्षे सांगत आलो. पण हा सारखेपणा येतो कसा, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. त्यासाठी आज एक दृष्टांत घेऊ, सुईदोऱ्याचा.

धारवाडकडच्या बायकांची कसुती आपल्याकडे कर्नाटकी कशिदा म्हणून ओळखतात. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडच्या माउलींना इरकल लुगडे नवे नाही. इलकल गावच्या त्या लुगड्यांवर हा कशिदा काढण्याची जुनी रीत आहे. तुळशीवृंदावन, गोपुर, रथ, पालखी, हत्ती ही त्याची नक्षी. कापडावर आधी काही रेखायचे नाही. विणीचे उभे-आडवे धागे मोजायचे आणि टाका घालायचा. एक धागा चुकला की पुढची सारी रेघ सरकते.

याचे टाके चार : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. त्यातली गवंती नीट पाहा. सुई जाताना साधा धावदोरा पडतो, एक टाका वर, एक खाली. वरून रेघ तुटक दिसते आणि उलटून पाहिले तर तिथेही तुटकच. मग तीच सुई त्याच वाटेने, त्याच भोकांतून परत येते आणि राहिलेल्या जागा भरते. आता रेघ दोन्ही अंगांनी अखंड. मुरगीही अशीच, फक्त तिची वाट जिन्याच्या पायऱ्यांसारखी. दोऱ्याला गाठ मारायची नाही, टोक टाक्यांतच मुरवायचे. काम नीट उतरले तर सुलट कोणती नि उलट कोणती, हे ओळखू येत नाही.

यातले मर्म असे, की सारखेपणा जाताना येत नाही, परतताना येतो. चारचौघांत गोड बोलणारा माणूस घरी सुनेवर खेकसतो. दानाविषयी बोलणारा मजुराची मजुरी उद्यावर ढकलतो. जाताना अशा जागा रिकाम्या राहतातच. रात्री मनाने त्याच वाटेने मागे यावे. मात्र नुसते आठवून भागत नाही. सुई परत आली आणि टाका घातलाच नाही, तर रेघ तुटकच राहील. सकाळी उठून मजुरी हातावर ठेवली, तेव्हा ती जागा भरली. वारकऱ्याला हे वेगळे काय सांगावे? वारी म्हणजे जाणे आणि येणे. पंढरीहून परतल्यावर तो शेजाऱ्याशी बांधावर कसा वागतो, तिथे ती पुरी होते.

कोणी शंका घेईल, ‘महाराज, मग मनातले सगळे उघडे करावे काय?’ नाही. नेगी विणकामासारखी दिसते, मेंथीत फुल्यांनी जागा भरतात. या दोघींची उलट बाजू सुलटीसारखी नसते, पण म्हणून त्यांना कोणी खोटे म्हणत नाही. कोणी विश्वासाने सांगितलेली गोष्ट, घरातले दुःख, गुप्तपणे दिलेले दान, ही झाकलेलीच बरी. तो दंभ नव्हे. मागचा गुंता कळू नये म्हणून पुढची नक्षी मिरवणे, हा दंभ.

दुसरी शंका अशी, ‘उलट बाजू पाहतो कोण?’ पाहत कोणी नसेल, पण ती अंगाला लागते. पदरावरचे वृंदावन जग दुरून पाहते. मागची गाठ टोचते ती नेसणारीला. आपलेही तसेच आहे. आपली सुलट बाजू सभेला दिसते, उलट बाजू लागते ती बायकोला, लेकरांना, शेतावरच्या गड्याला.

म्हणून स्वतःची पारख करायची तर टाळ्या वाजवणाऱ्यांना विचारू नका. ज्यांच्या अंगाला आपली उलट बाजू लागते, त्यांना विचारा. ते बोट ठेवतील त्या जागी टाका घालायला परत जा. रामकृष्ण हरी.