पदक कपाटापर्यंत, पुढचं पुस्तकाचं पुस्तकानं पाहावं

१९५३ साली अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी न्यूबेरी पदक अ‍ॅन नोलन क्लार्क यांच्या ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला दिलं. पेरूच्या डोंगरात लामांचे कळप राखणाऱ्या मुलाची ती गोष्ट. त्या वर्षी ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ही विचारात होतं; त्याला दुय्यम मानावर समाधान मानावं लागलं. डुकराच्या पिलाचा जीव वाचवणारी ती कोळीण आज जगभरातल्या मुलांना ठाऊक आहे. पदक मिळालेल्या पुस्तकाचं नाव मात्र बहुतेक वेळा या हुकलेल्या निवडीच्या निमित्तानंच निघतं.

बालसाहित्याच्या पुरस्कारांची टर उडवायची झाली की हा दाखला हमखास येतो. मलाही तो द्यायला आवडतो. पण एका लहान गावातल्या वाचनालयाचा बालविभाग सांभाळताना लक्षात येतं, की तेवढ्यावर हा विषय मिटत नाही.

न्यूबेरी हे मुळात आमच्याच जमातीचं पदक. १९२१ मध्ये फ्रेडरिक मेल्चर यांनी अमेरिकन ग्रंथालय संघटनेतल्या बालविभागाच्या ग्रंथपालांपुढे ही कल्पना मांडली आणि १९२२ मध्ये पहिलं पदक दिलं गेलं. मुलांसाठीचं लेखन म्हणजे दुय्यम काम, हा समज मोडावा आणि निवड मुलांमध्ये वावरणाऱ्यांनी करावी, असा त्यामागचा विचार होता. त्याची एक अट मला फार आवडते: पदक उपदेशासाठी नाही आणि लोकप्रियतेसाठीही नाही. यातला पहिला अर्धा भाग आपल्याकडे फ्रेम करून लावावा. इथे ‘संस्कारक्षम’ हीच बालपुस्तकाची सर्वांत मोठी स्तुती समजली जाते. ब्लर्बवर ती, प्रस्तावनेत ती, समारंभातल्या भाषणात तर असतेच. दुसऱ्या अर्ध्या भागानं मात्र मी अडखळते. लोकप्रियता बघायची नाही हे मान्य. पण मुलं पुस्तक पूर्ण वाचतात का, हे तरी कुणी बघायचं?

ग्रंथपाल निवडतात म्हणून निवड मुलांच्या मनासारखी होते, असंही नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बालविभागाच्या प्रमुख अ‍ॅन कॅरोल मूर यांनी मुलांच्या वाचनासाठी जेवढं केलं तेवढं फार थोड्यांनी केलं असेल. याच बाईंना व्हाइट यांचं ‘स्टुअर्ट लिटल’ मुळीच पसंत नव्हतं. त्या निवृत्त झाल्या, तरी त्यांच्या आवडीनिवडीचा दरारा त्या विभागावर राहिला. १९४७ मध्ये आलेलं ‘गुडनाइट मून’ त्या ग्रंथालयात दाखल व्हायला १९७२ उजाडलं. म्हणजे पंचवीस वर्षं त्या शहरातल्या मुलांना निजताना वाचायचं ते पुस्तक आपल्या ग्रंथालयातून मिळत नव्हतं, आणि त्याचं कारण जाणकारांची अभिरुची. हे वाचलं की माझ्या स्वतःच्या खरेदी यादीकडे मी जरा संशयानं बघते.

एवढ्यावरून पुरस्कार निरुपयोगी ठरवायला निघावं, तर त्याच ग्रंथालयाची दुसरी यादी आडवी येते. २०२० मध्ये त्यांनी सव्वाशे वर्षांत सर्वाधिक नेली गेलेली दहा पुस्तकं जाहीर केली. पहिलं होतं एझ्रा जॅक कीट्स यांचं ‘द स्नोई डे’, ४ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा घरी नेलेलं. बर्फात खेळणाऱ्या एका कृष्णवर्णीय मुलाच्या या चित्रपुस्तकाला १९६३ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं होतं. दुसरं ‘द कॅट इन द हॅट’, त्याला ते पदक नाही. ‘शार्लट्स वेब’ही पहिल्या दहांत आहेच. मग पदकानं काय केलं? माझ्या मते, ‘द स्नोई डे’ला त्यानं जागोजागीच्या कपाटांपर्यंत नेलं. पुढचं काम पुस्तकानं स्वतः केलं.

आपल्याकडे नेमका हा कपाटापर्यंतचा प्रवासच होत नाही. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्य पुरस्कार देते. ५० हजार रुपये आणि ताम्रपट. राज्य शासनाचे आहेत, संस्थांचे आहेत. सकाळी वर्तमानपत्रात बातमी येते, आठवड्याभरात एखादे शिक्षक विचारायला येतात, मी विक्रेत्याला फोन करते आणि उत्तर मिळतं: आवृत्ती संपलीय, नवीन निघेल तेव्हा कळवतो. तिकडे पदकाचा सोनेरी शिक्का बसलेलं पुस्तक सहसा वर्षानुवर्षं छापत राहतात, फारसं कुणी वाचत नसलं तरी. इकडे चांगलं पुस्तकही सत्कारानंतर गडप होतं. पुरस्काराचं तिकडे जरा जास्तच चालतं आणि इकडे काहीच चालत नाही. यातलं वाईट कुठलं, असं विचाराल तर मी आपलंच म्हणेन.

पुरस्काराचा मला होणारा उपयोग एकाच ठिकाणी आहे, आमच्या कार्यकारिणीच्या बैठकीत. बालविभागाची खरेदी म्हटली की भरघोस सवलतीत मिळणारे बोधकथांचे संच पुढे येतात: कागद पातळ, चित्रं कुठूनतरी उचललेली, अनुवादकाचं नाव नाही. अशा वेळी “हे अकादमीप्राप्त लेखिकेचं आहे, काका,” एवढं म्हटलं की अध्यक्षांचा यादीवर काट मारायला निघालेला हात थांबतो. माधुरी पुरंदरे यांना २०१४ मध्ये अकादमीचा आणि २०१६ मध्ये पहिला बिग लिटल बुक पुरस्कार मिळाला, त्याचा मी असा पुरेपूर वापर करते. त्यांच्या ‘राधाचं घर’च्या आमच्या प्रती मात्र त्याआधीच बाइंडिंगला जाऊन आल्या होत्या. मुलांचा निकाल लागून गेला होता.

मुलांपुढे मी पुरस्काराचं नाव काढत नाही. ‘पुरस्कारप्राप्त’ असं मुखपृष्ठावर दिसलं की चौथी-पाचवीतली मुलं पुस्तक जागेवर ठेवतात. त्यांना त्यात शाळेचा वास येतो. त्यांना विचारायचं असतं ते एवढंच, की यात भूत आहे का, मारामारी आहे का, आणि संपायला किती वेळ लागतो. प्रश्न रास्त आहेत. परीक्षकांनीही ते कधीतरी स्वतःला विचारावेत.

तेव्हा पुरस्कार बंद करा, असं मी म्हणणार नाही. देणाऱ्यांनी दोन गोष्टी कराव्यात. निवडलेल्या पुस्तकाच्या हजारभर प्रती विकत घेऊन त्या तालुक्यांच्या वाचनालयांत पाठवाव्यात. शाल, श्रीफळ आणि सभागृहाच्या भाड्यात थोडी काटकसर केली तर खर्चाचा काही भाग तिथेच निघेल. आणि परीक्षकांत एक तरी माणूस असा घ्यावा, ज्याच्या टेबलावर मुलं अर्धवट वाचलेली पुस्तकं आणून आपटतात.