प्रारब्ध आणि समुपदेशकाची खोली

‘नशिबात होतं ते झालं, आता देवाचं नाव घ्या.’ दुःख बोलून दाखवणाऱ्याला शेजारी, नातेवाईक, सत्संगातली माणसं हेच सांगतात. हेतू चांगला असतो. पण वर्षानुवर्षं झोप उडालेल्या माणसाने या उत्तराचं करायचं काय? मनाचं दुखणं प्रारब्धाचा भाग असेल, तर समुपदेशकाकडे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं का?

उल्हासनगर हे गावच दुःखातून वसलं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि 1949 मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आजही इथे पत्ता कॅम्प नंबरानेच सांगतात. लोकांनी धंदे उभारले, आपल्या झुलेलाल देवाची मंदिरं बांधली, चालिहाचे 40 दिवसांचे उपास धरले. या श्रद्धेने त्यांना तगवलं. मागे सुटलेल्या घराबद्दल, वाटेत पाहिलेल्या गोष्टींबद्दल मात्र कित्येक घरांत चकार शब्द निघाला नाही. संजीव जैन आणि आलोक सरीन या मानसोपचारतज्ज्ञांनी फाळणीच्या मानसिक परिणामांवरचं पुस्तक संपादित केलं ते 2018 मध्ये, सात दशकं उलटल्यावर.

काही दुःखांपुढे तर प्रारब्धाची भाषाच चालत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरात शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरचा अत्याचार उघडकीस आला आणि संतापलेले लोक रुळांवर उतरले. अशा लेकरांच्या आईवडिलांपुढे पूर्वजन्मीचं कर्म काढण्याचा अधिकार कोणालाही नाही. दुःखाची संगती लावणारा सिद्धांत सोसणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवू लागला, तर तो सांगणाऱ्याने आधी गप्प बसावं.

आणि कर्मसिद्धांत तरी प्रारब्धापाशी कुठे थांबतो? संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे कर्माचे तीन भाग आपल्याकडे सांगितले आहेत. क्रियमाण म्हणजे आज, आत्ता हातून घडणारं कर्म. उपचार घेणं हे त्यातच येतं. मधुमेहाची गोळी घेताना कोणाची श्रद्धा डळमळत नाही. मग नैराश्याच्या गोळीलाच ही परीक्षा का?

वारकरी परंपरेत ताटीच्या अभंगांची कथा आहे. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानेश्वर ताटी लावून आत बसले. धाकटी बहीण मुक्ताई दाराशी उभी राहिली आणि त्यांनी ताटी उघडावी म्हणून विनवत राहिली. ज्ञानेश्वरांनाही दाराबाहेर कोणीतरी लागलं, हे ज्या परंपरेने जपून ठेवलं, तिला मदत मागण्यात कमीपणा वाटायचं कारण नाही.

समुपदेशकाच्या खोलीत घडतं तेही असंच, पण पद्धतशीर. समजा, गर्दीत घुसमटल्यापासून एखाद्याला लोकलची धास्ती बसली आहे. फलाटावर पाय ठेवताच छाती धडधडते, हातांना घाम सुटतो, आता मरणार असं वाटतं. आधी श्वास आणि विचार ओळखायला शिकवतात. मग दुपारच्या रिकाम्या गाडीने बदलापूर ते अंबरनाथ, एकच स्टेशन. ते जमलं की उल्हासनगर, विठ्ठलवाडी, मग कल्याण. भीती चढते आणि पळ काढला नाही तर आपोआप ओसरते, हे शरीराला अनुभवाने कळतं. आघाताच्या आठवणींशी काम करतानाही घाई नसते. किती सांगायचं आणि केव्हा थांबायचं, हे सोसणारा ठरवतो. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेने हे शास्त्र मराठी घरांपर्यंत नेलं.

‘हे माझ्याच वाट्याला का आलं?’ या प्रश्नाचं उत्तर समुपदेशक देत नाही. तो प्रश्न घेऊन माणूस अंबरनाथच्या 1060 सालच्या शिवमंदिरात पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जातो, तेही खरंच आहे. पण रात्री दचकून जागं होणं, जेवण न जाणं, जीव नकोसा होणं यांवर इलाज आहे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. महाशिवरात्रीच्या जत्रेत, सत्संगाच्या मंडपात, कीर्तनाच्या शेवटी हा क्रमांक मोठ्याने सांगितला गेला, तर ऐकणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना देवाच्या दारातूनच मदतीची वाट कळेल.