विकता उघड, मग हिशेब लपवून का?

लेकरांनो, तुमच्यातले कित्येक जण आता चाळिशीला टेकलेत, तरी मी लेकरांनोच म्हणणार, आणि बोलणार तेही कडकच. बिलोलीत, कुंडलवाडीत, सगरोळीत तुम्ही मोबाइलवरून साड्या विकता, ड्रेस मटेरियल विकता, घरचा मसाला, पापड, लोणची विकता. विका. कष्टाचा पैसा आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण हे उत्पन्न दाखवता का असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, आपलं काय एवढं मोठं आहे? बारा लाखांपर्यंत तर टॅक्सच नाही!" अर्धी बातमी ऐकायची आणि उरलेली मनानं भरायची, ही तुमची खोड शाळेतही होती.

नीट ऐका. नव्या करपद्धतीत 2025-26 पासून मूळ मर्यादा 4 लाखांची आहे. 12 लाखांपर्यंत कर शून्यावर येतो तो सवलतीमुळे, आणि ती सवलत रिटर्न भरून मागायची असते. सगळीकडून मिळून उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की रिटर्न भरणं बंधनकारक आहे, मग कराचा आकडा शून्य का येईना. कर लागत नाही आणि सांगावं लागत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि 'सगळीकडून मिळून' म्हणजे पगार, शिकवणी, ठेवीचं व्याज आणि साड्यांचा नफा, सगळं एकत्र. ब्रिटनमध्ये अशी फुटकळ कमाई वर्षाला 1,000 पौंडांपर्यंत असेल तर सांगावी लागत नाही. आपल्याकडे छोट्या विक्रीसाठी अशी वेगळी सूट नाही.

घरातलं जुनं कपाट, लेकराची सायकल, वापरलेला मोबाइल ऑनलाइन विकला, तर त्यावर आयकर नाही. त्याची उगाच धास्ती घेऊ नका. सोनं-दागिने मात्र त्यात धरायचे नाहीत, त्यांच्या विक्रीवरच्या नफ्याला नियम वेगळा आहे. पण नफ्यासाठी माल आणायचा, फोटो टाकायचे, भाव सांगायचा आणि पार्सल पाठवायचं, हा धंदा आहे. तुम्ही त्याला हौस म्हणा नाहीतर टाइमपास म्हणा, कायद्याला त्याचं काही देणं-घेणं नाही.

परवा एकीनं मला मोबाइलमधला व्यवहारांचा इतिहास दाखवला. वर निळ्या काठाच्या साडीचे 1,450 रुपये. खाली भिशीचे पैसे. त्याखाली भावानं पाठवलेले, मग दुधाचं बिल, मग परत आलेल्या साडीची रक्कम, मग आत्याची उसनवारी. सगळं एकाच बचत खात्यात. मी विचारलं, यातला नफा किती? ती गप्प. वही ठेवलेली नाही, खरेदीच्या पावत्या कुरिअरच्या पिशवीसोबत कचऱ्यात. उद्या कुणी विचारलं की हे सगळे पैसे विक्रीचेच आहेत का, तर भावाचे पैसे कुठले आणि गिऱ्हाइकाचे कुठले, हे ही पोरगी कशानं सिद्ध करणार? दहावीपर्यंत गणितात पहिली येणारी पोर! मला खरोखर राग आला.

वही अवघड वाटते, हे कारण तर सांगूच नका. छोट्या धंद्यासाठी कायद्यानंच सोय दिली आहे. उलाढाल 2 कोटींच्या आत असेल तर बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीच्या किमान 6 टक्के आणि रोखीच्या किमान 8 टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. 9 लाखांची विक्री सगळी यूपीआयनं झाली असेल, तर 54,000 रुपये. खरा नफा जास्त असेल तर जास्त सांगायचा, हेही त्यातच आलं. मात्र माल दुसऱ्याचा आणि तुम्ही नुसतं कमिशन घेत असाल, तर ही सोय तुम्हाला नाही.

आता नोकरदारांकडे वळतो, कारण सगळ्यात जास्त चलाखी तिथंच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम 1979 चे आहेत. सरकारी कर्मचाऱ्याला पूर्वपरवानगीशिवाय खाजगी व्यापार करता येत नाही, हे त्यात लिहिलेलं आहे. म्हणून तुम्ही बायकोचं नाव पुढं करता. भांडवल तुमचं, माल आणायला सुरतेला जाणार तुम्ही, गिऱ्हाइकाशी भाव करणार तुम्ही, आणि नाव तिचं. अरे, तुमच्या पैशातून उभ्या राहिलेल्या धंद्याचं उत्पन्न त्या भांडवलाच्या प्रमाणात तुमच्याच उत्पन्नात धरलं जातं. ती खरोखर स्वतः धंदा करत असेल तर तिचं खातं, तिचं पॅन, तिचं रिटर्न असू द्या. अशा कितीतरी कर्तबगार बायका मी या गावात पाहिल्या, ज्यांची कमाई घर चालवते, पण बँकेत कर्ज मागायला गेल्या तर दाखवायला स्वतःच्या नावाचा एक कागद नाही. हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो तुम्ही करताय.

दुसरी पळवाट शेतीची. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून साड्यांचा नफा सोयाबीनच्या पट्टीत घालायचा. ही चूक नव्हे, ही खोटी माहिती आहे. अशी माहिती देऊन बुडवलेल्या करावर 200 टक्के दंड आहे.

आणि आपल्या तालुक्याला एक गोष्ट इतरांपेक्षा जास्त लागू आहे. 1956 पर्यंत बिलोली आणि बोधन एकाच हैदराबाद राज्यात होते. आज येसगीचा पूल ओलांडला की सालुरा, म्हणजे तेलंगणा. तुमची निम्मी नातीगोती पलीकडे, तशी गिऱ्हाइकंही पलीकडे. माल राज्यातल्या राज्यात विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. ऑनलाइन बाजारातून राज्यातच विकणाऱ्यांनाही 1 ऑक्टोबर 2023 पासून नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येतं. पण करपात्र मालाचं पार्सल बोधनला किंवा निजामाबादला पाठवलंत, की विक्री आंतरराज्य झाली. तिथं 40 लाखांची मर्यादा चालत नाही, पहिल्या पार्सलापासून नोंदणी लागते. काही हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, सुरतेच्या साडीला नाही. नांदेडला पाठवलं तर एक नियम, आणि त्याहून जवळच्या बोधनला पाठवलं तर दुसरा. पटो न पटो, कायदा हा आहे.

"कोणाला कळतंय?" असंही म्हणता. कळतं. ऑनलाइन बाजार कंपन्या विक्रेत्याच्या रकमेतून टीडीएस कापतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून तो 0.1 टक्का आहे, आणि पॅन दिलेल्या व्यक्तीला वर्षाची विक्री 5 लाखांच्या आत असेल तर कापत नाहीत. कापलेलं सगळं तुमच्या पॅनवर नोंदलं जातं. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा जास्त रोख भरली की बँक कळवते. जुलै 2025 मध्ये शेजारच्या कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या. हावेरीतल्या एका भाजीवाल्याला 29 लाखांची नोटीस आली, आणि बंगळुरूच्या दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. ताज्या भाजीवर जीएसटी नाही, तरी त्या माणसावर ते सिद्ध करत बसायची वेळ आली. ज्याच्याकडे कागद असतो त्याला अशा वेळी झोप लागते.

1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर कायद्याची जागा नव्या कायद्यानं घेतली आहे. कलमांचे आकडे बदलले, तुमचं कर्तव्य बदललेलं नाही. मागची वर्षं राहिली असतील तर चार वर्षांपर्यंत अद्ययावत विवरणपत्र भरता येतं, जादा कर 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत वाढत जातो. जितका उशीर तितका भुर्दंड.

तेव्हा पुढच्या आठवड्यात धंद्याचं वेगळं खातं उघडा. दोनशे पानी वही आणा, डावीकडे खरेदी, उजवीकडे विक्री, पावत्या तारखेनं लावा. मग ती वही घेऊन कर सल्लागाराकडे जा आणि त्याच्यापासून काही लपवू नका. आकडेमोड जमली नाही तर माझ्याकडे या, मी शिकवीन. वही न घेता आलात तर दारातूनच परत पाठवीन.