सोडलं कुणी, फेडलं कुणी

“चांगली सावलीतली नोकरी होती, कायले सोडली बाई?” पांढुर्ण्यात मंदिरातून बाहेर पडताना हा प्रश्न अजूनही कुणी ना कुणी विचारतंच. आधी मी म्हणायचे, “फार ताण होता जी.” ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज लिहिते.

सौंसरला एका खाजगी वित्त कंपनीच्या शाखेत मी नऊ वर्षं होते. सकाळी पांढुर्ण्याहून बसनं जायचं, दिवेलागणीला परतायचं. तेव्हा दोन्ही गावं छिंदवाडा जिल्ह्यात होती; 2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आलं. पहिली काही वर्षं मी हिशेब लिहायचे. मग वसुलीचं काम आलं. बायकांच्या गटांना दिलेली छोटी कर्जं आणि थकलेल्या हप्त्यांची यादी. यादीतल्या प्रत्येकीला फोन करायचा, अन् संध्याकाळी ‘किती आले?’ याचं उत्तर वरच्या साहेबांना द्यायचं. जेवताना घास घशात अडकायचा. रात्री झोपेत मी आकडे बोलायचे, असं घरचे सांगतात.

2022 चा भाद्रपद होता. दशलक्षण पर्व संपलं, क्षमावाणीचा दिवस आला. सकाळी मंदिरात लहानमोठ्या सगळ्यांपुढे हात जोडून मी क्षमा मागितली. डोळे भरून आले होते, खरंच. आणि त्याच संध्याकाळी सात वाजता एका बाईला फोनवर म्हणाले, “उद्या हप्ता नाही आला, तर गटातल्या साऱ्या बायका घेऊन तुझ्या दारात येईन.”

त्या वर्षी त्यांच्या बगीच्यात आंबिया बहाराची फळगळ झाली होती. ती बाई रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, “आना मॅडम साऱ्यायले. माही पोरगी घरीच हाये. तिच्यासमोरच बोला मले.”

मी फोन ठेवला. सूक्ष्म कर्ज घेणाऱ्याला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच वर्षी लागू झाला होता. तो मला ठाऊक होता. पण त्या क्षणी मला नियम टोचला नाही, सकाळचे माझेच जोडलेले हात टोचले.

आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटवली की आरंभी हिंसा होते, शेती-व्यापार केला की उद्योगी हिंसा होते. गृहस्थाला ती पूर्ण टाळता येत नाही. संकल्पी हिंसा मात्र त्यानं सोडलीच पाहिजे. नऊ वर्षं मी स्वतःची समजूत घालत होते की पोटासाठी करतो ती उद्योगी हिंसा, तिला इलाज नाही. पण ती धमकी उद्योगी नव्हती. घाबरवायचं म्हणून ठरवून घाबरवलं होतं. लेकीसमोर लाज जाईल हे ओळखून नेमका तोच शब्द निवडला होता. हा संकल्पच झाला.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणी पाठशाळेत घोकले होते. त्यातला एक अतिभारारोपण, म्हणजे झेपेल त्याहून जास्त ओझं लादणं. बाईंनी बैलाचं उदाहरण देऊन शिकवलं होतं. आपल्या भागात पोळ्याला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात, त्या दिवशी त्याला जुंपत नाहीत. बैलाचा खांदा सोलला की दिसतो. हप्त्याखाली दबलेल्या बाईचा खांदा दिसत नाही, आणि तिला फोन करणारीचाही नाही.

ताण प्रत्येक कामात असतो. परीक्षेच्या दिवसांत शिक्षिकेला असतो, दवाखान्यातल्या नर्सला असतो, संत्र्याच्या तोडणीत मजूरणीला असतो. कामाच्या न हटणाऱ्या ताणातून येणाऱ्या थकव्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 साली घेतली. आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून. नुसतं थकले असते, तर रजा पुरली असती. पण माझं काम जितकं चांगलं जमत होतं, तितकी मी वाईट होत होते. ज्या महिन्यात वसुली जास्त, त्या महिन्यात माझी जीभ जास्त धारदार. अशी नोकरी सोडावी, असं मला आजही वाटतं. दिवाळीनंतर मी राजीनामा दिला.

आता मी गावातल्या बायकांच्या बचत गटांचे हिशेब लिहून देते. कर्जाचा कागद सही करण्याआधी कसा वाचायचा, व्याज कसं मोजायचं, ते शिकवते. पैसे पूर्वीच्या निम्म्याहून कमी मिळतात. झोप लागते. इथवर गोष्ट छान आहे, आणि दोन वर्षं मी ती अशीच सांगत होते.

याच काळात कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचलं. आपल्याच समाजातला माणूस, 1887 साली कुंभोजला जन्मलेला. आधी ओगल्यांचे कंदील, मग किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले आणि गरिबांची मुलं शाळेवाचून राहतात हे त्या फिरतीत पाहिलं. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. मनासारख्या कामाचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पण त्या चरित्रात माझा पाय अडकला तो लक्ष्मीबाईंपाशी. त्या मुलांचा स्वयंपाक त्यांनी केला. दाणे संपले तसे अंगावरचे दागिने एकेक करून गेले, शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी गेलं. 1930 साली त्या वारल्या. कर्मवीरांचा त्याग खरा, पण त्याची अर्धी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. आणि त्यांनी ती समजून-उमजून मोजली, म्हणून तो त्यांचाही त्याग.

पुस्तक मिटलं आणि मनात आलं, माझ्या मोकळ्या झोपेची किंमत कोण मोजतंय?

सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांचा पत्र्याचा एक डबा आहे, सम्मेदशिखरजीच्या यात्रेसाठी पैसे साठवायचा. त्यांच्यासोबतच्या दोघी-तिघी मागच्या वर्षी जाऊन आल्या, आई गेल्या नाहीत. “गुडघे दुखतात,” म्हणाल्या. मीही तेच धरून बसले. पुस्तक वाचल्यावर एक दिवस सरळ विचारलं. आधी बोलेनात. मग म्हणाल्या, “अगं, घराचा हप्ता तटला होता ना तीन महिने. डब्यात होते, दिले. तू हसायला लागली होतीस, तुला कशाला सांगायचं?”

वसुलीची नोकरी सोडलेल्या माझ्या घरात आईंनी गुपचूप माझे हप्ते भरले होते. मी त्यांना फोन केला नव्हता, धमकी दिली नव्हती. पण ओझं माझ्या खांद्यावरून उतरून त्यांच्या खांद्यावर गेलं होतं आणि मी वळून पाहिलं नव्हतं.

म्हणून आता कुणी बहीण विचारते, “सोडू का हो नोकरी?” तेव्हा मी लगेच ‘सोड’ म्हणत नाही. आधी विचारते, या कामानं तू नुसती थकतेस, की तुझ्या हातून कुणी दुखावतं? आणि सोडलीस तर भार कुणावर जाईल? त्या माणसाला विचारलंस का? परिग्रहाचं परिमाण घरच्या सगळ्यांनी मिळून ठरवावं लागतं. किती पुरे, हे एकटीनं ठरवलं की उरलेलं दुसरीला पुरवावं लागतं.

आणि जिला सोडताच येत नाही? माझ्या शाखेतली एकजण अजून तिथंच आहे. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुलं. तिनं इतकंच ठरवलं, सहानंतर फोन करायचा नाही आणि कुणाच्या लेकराचं नाव घ्यायचं नाही. साहेबांची बोलणी खाते, पण मोडत नाही. अणुव्रत म्हणतात ते यालाच. तिच्यापुढे माझा राजीनामा मला फार मोठा वाटत नाही.

आईंच्या डब्यात मी आता दर महिन्याला पाचशे रुपये टाकते. परवा त्यांनी उघडून मोजले आणि विचारलं, “व्याज नाही का गं लावलंस?” दोघी हसलो. गुडघे खरंच दुखतात त्यांचे, तेवढं खोटं नव्हतं. शिखरजीला डोलीचाही खर्च धरावा लागेल.